ताम्रशासनाचा साचा

जबलपूर शहराच्या उत्तरेकडे महाराजपूर नावाची एक वस्ती आहे. नाव भारदस्त आहे. परंतु ते कोणत्या महाराजाचे, हे त्या नावावरून कळण्यास मार्ग नाही. ह्याच नावाची गावे मध्य भारतात ठिकठिकाणी आढळतात. 'पूर' हा शब्द कायम, त्याच्या आधीची जागा मोकळी, आणि त्या जागेत व्यक्तीचे नाव न घालता केवळ पदवी घातलेली, अशी ह्या नावाची घडण आहे. असल्या नावांत साचा तेवढा टिकून राहतो. तो ज्याच्यासाठी भरला गेला तो मात्र दिसेनासा होतो.

ह्याच शहराच्या पश्चिमेस बारा-तेरा किलोमीटरांवर, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर हे लहानसे गाव आहे. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ह्या घराण्याने डाहल मंडलावर, म्हणजे जबलपूरच्या भोवतालच्या प्रदेशावर, राज्य केले. भेडाघाट येथील राणी अल्हणदेवीच्या शिलालेखात 'जाउलीपत्तला' असा एका विभागाचा उल्लेख येतो आणि तो आजच्या जबलपूरच्या परिसराशी जुळतो, असे विद्वानांचे मत आहे. ह्या राजांनी ब्राह्मणांना आणि देवस्थानांना गावे दिली व त्या दानांचे ताम्रपट करून दिले. त्यांचे राजवाडे आज नाहीत. ताम्रपट मात्र आहेत. कलचुरींचा इतिहास बव्हंशी ह्या ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर उभा आहे. म्हणूनच, हा लेख घडत कसा असे, हा प्रश्न विचारल्यावाचून त्यातील एकाही विधानावर विश्वास ठेवता येत नाही.

हा प्रश्न आजच्या युगात अधिक चांगला समजू शकतो, कारण आजच्या एका यंत्रोद्योगात तेच कार्य वेगळ्या रूपात चालू आहे. संगणकाने काम करावे म्हणून त्याच्यासाठी आज्ञावली लिहावी लागते. एखाद्या पेढीचा कारभार संगणकावर आणावयाचा म्हटला, की 'ग्राहक', 'खाते', 'ठेव', 'पावती' असे शेकडो घटक पुढे येतात. प्रत्येक घटकाची नोंद करणे, ती शोधून काढणे, दुरुस्त करणे, रद्द करणे, ही कामे सर्वत्र सारखीच असतात. बदलते ते घटकाचे नाव आणि त्याचे गुणधर्म. ग्राहकाला नाव आणि पत्ता असतो, ठेवीला रक्कम आणि मुदत असते. घटक, त्यांचे गुणधर्म आणि त्यांचे परस्परसंबंध ह्यांच्या रूपाने कोणत्याही व्यवहाराचे वर्णन करण्याची पद्धत पीटर चेन ह्या संशोधकाने १९७६ साली मांडली. एकदा असे वर्णन हाती आले, की तीच ती आज्ञावली शेकडो वेळा हाताने लिहिण्याचे कारण उरत नाही. एक साचा तयार करावयाचा. त्यातील काही ओळी जशाच्या तशा राहावयाच्या, आणि जेथे नाव अथवा गुणधर्म यावयाचा तेथे केवळ खूण करून ठेवावयाची. मग साधन वर्णनातील एकेक घटक उचलते, खुणेच्या जागी त्याचे नाव बसविते, जितके गुणधर्म असतील तितक्या वेळा साच्यातील ठराविक ओळ पुन्हा लिहिते, एखादा भाग अमुक अट पुरी झाली तरच घेते, आणि पूर्ण आज्ञावली पुढे ठेवते. पुण्यास १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या संगणकविषयक संशोधनकेंद्रात अशा साधनांवर पुष्कळ काम झाले आहे.

कायम मजकूर, मोकळी जागा, पुनरावृत्त ओळ आणि सशर्त भाग, ही चार अंगे ध्यानात ठेवून कलचुरींच्या ताम्रपटाकडे पाहिले, तर राजाच्या लेखनशाळेचे दार उघडल्यासारखे होते.

दानपत्रात काय असावे, ह्याचे वर्णन धर्मशास्त्राने आधीच करून ठेवले होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात सांगितले आहे, की भूमिदान करणाऱ्या राजाने पुढे होणाऱ्या सज्जन राजांच्या माहितीसाठी लेख करून द्यावा. तो वस्त्रावर किंवा ताम्रपटावर असावा. त्यावर राजाची मुद्रा असावी. त्यात राजाचे पूर्वज, स्वतः राजा, दानाचे परिमाण आणि सीमा ह्यांचा निर्देश असावा. आणि शेवटी राजाची सही व काल असावा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात होऊन गेलेल्या विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरेत असा लेख संधिविग्रहाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, असा खुलासा केला आहे. म्हणजे ताम्रपटाला कोणते गुणधर्म हवेत हे स्मृतीने ठरविले, आणि ते कोणी भरावयाचे हे टीकाकाराने सांगितले. भाषा कोणती वापरावयाची, हे मात्र प्रत्येक राजकुलाच्या दप्तरावर सोडलेले होते. प्रत्येक घराण्याचा साचा निराळा झाला तो ह्यामुळे.

कलचुरींचा साचा असा होता. आरंभी मंगलवचन व देवतांना वंदन. त्यानंतर श्लोकबद्ध वंशवर्णन. पुढे गद्यात राजाच्या पदव्यांची लांबलचक माळ. मग राजा ज्यांना उद्देशून आज्ञा करीत आहे त्या अधिकाऱ्यांची यादी. त्यानंतर दिलेले गाव, त्याचा विभाग, त्याच्या सीमा आणि त्याबरोबर मिळणारे हक्क. पुढे दान घेणाऱ्याचे गोत्र, प्रवर, शाखा आणि पूर्वजांची नावे. दानाचा प्रसंग. नंतर भूमिदानाचे पुण्य आणि ते हिरावून घेणाऱ्यास मिळणारी नरकवासाची शिक्षा सांगणारे परंपरागत श्लोक. शेवटी तिथी, आणि लिहिणाऱ्याचे व कोरणाऱ्याचे नाव. पत्रे कडीत ओवून त्या कडीवर मुद्रा बसवीत. मुद्रेवर गजलक्ष्मी, तिच्याखाली राजाचे नाव आणि त्याखाली नंदी. लक्ष्मी आणि नंदी कायम. मधले नाव तेवढे राजागणिक बदले. हाताच्या तळव्याएवढ्या त्या मुद्रेत साऱ्या ताम्रपटाची घडण जणू संक्षेपाने उमटलेली आहे.

वंशवर्णनाचे श्लोक हा पुनरावृत्त होणारा भाग. विष्णूच्या नाभिकमलापासून ब्रह्मा, अत्री, चंद्र, पुरूरवा, भरत, कार्तवीर्य असा प्रवास करून कवी ऐतिहासिक राजांपर्यंत येतो आणि मग एकेका राजाला एकदोन श्लोक देत जातो. नवा राजा गादीवर आला, की जुने श्लोक तसेच ठेवून अखेरीस त्याचे श्लोक जोडावयाचे. यशःकर्णाचा खैऱ्हा येथे सापडलेला ताम्रपट कलचुरी संवत् ८२३ चा, म्हणजे इसवी सन १०७३ च्या सुमाराचा आहे. त्याच राजाचा दुसरा एक ताम्रपट जबलपूर येथे मिळाला. दोहोंतील वंशवर्णन तेच आहे. गांगेयदेव प्रयागच्या वटवृक्षापाशी शंभर पत्नींसह मुक्ती पावला, हा प्रसिद्ध श्लोक दोहोंतही आहे. विजयसिंहाचा कुंभी येथील ताम्रपट संवत् ९३२ चा, म्हणजे ११८०-८१ चा. शंभर वर्षे उलटून गेली होती, तरी त्याच्या आरंभीच्या भागात जुने श्लोक पुन्हा भेटतात. एकच श्लोक तीन ताम्रपटांत आला म्हणून तीन साक्षीदार मिळाले, असे मानणे ही भाबडी समजूत होय. साक्षीदार एकच असतो. त्याची जबानी तीनदा उतरून घेतलेली असते.

ह्याच्या उलट, मोकळ्या जागांत जे भरले जाई ते त्या त्या दिवसाचे असे. कर्णाचा बनारस येथील ताम्रपट संवत् ७९३ चा, म्हणजे १०४२ चा आहे. पिता गांगेयदेव ह्याच्या सांवत्सरिक श्राद्धाच्या निमित्ताने हे दान दिले, असे त्यात म्हटले आहे. ह्या एका वाक्याने केवढी माहिती मिळते! गांगेयदेव एक वर्षापूर्वी, म्हणजे १०४१ मध्ये, मृत्यू पावला आणि कर्णाचे राज्य तेव्हापासून सुरू झाले, ही गोष्ट निश्चित झाली. ज्या श्लोकांनी गांगेयदेवाला स्वर्गास पोहोचविले त्यांनी ही तारीख दिली नव्हती. ती दिली श्राद्धाच्या कोरड्या नोंदीने. कुंभीच्या ताम्रपटातही अधिकाऱ्यांची यादी इतर ताम्रपटांप्रमाणे येते. परंतु तेथे महाराजपुत्र म्हणून अजयसिंहाचे नाव दिलेले आहे. ते दान राजमाता गोसलदेवीच्या पुढाकाराने झाले, हेही तेथे कळते. इतिहास सापडतो तो अशा भरलेल्या जागांत.

परंतु सर्वांत उद्बोधक प्रकार आहे तो निराळाच. कधी कधी मोकळी जागा बुजते, आणि एकदा भरलेले नाव कायम मजकुराचा भाग होऊन बसते.

भारतीय ताम्रपटांत राजाला अमुकाच्या 'पादांचे ध्यान करणारा' म्हणण्याची रीत होती. सामान्यतः तो अमुक म्हणजे आधीचा राजा असे. राजा बदलला की नाव बदलावयाचे, अशी ती मोकळी जागा होती. कलचुरींच्या कर्णाच्या काळापासूनच्या लेखांत तेथे 'वामदेव' हे नाव येते, आणि मग तेच येत राहते. कर्ण वामदेवाच्या पादांचे ध्यान करतो, यशःकर्ण करतो, जयसिंह करतो, विजयसिंहही करतो. तेव्हा हा वामदेव कोण, असा प्रश्न विद्वानांपुढे पडला. आंध्रातील मलकापूरम् येथे १२६१ चा एक स्तंभलेख आहे. त्यात डाहलातील गोळकी मठाच्या शैव आचार्यांची परंपरा दिली असून त्यांपैकी वामशंभू ह्याचे चरण कलचुरी राजांना वंद्य असल्याचे म्हटले आहे. त्यावरून वामदेव म्हणजे हा शैव गुरू, असे काहींनी प्रतिपादिले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांना ते पटले नाही. वामदेव हा गुरू नसून सातव्या शतकात कालंजरच्या बाजूस ह्या घराण्याची सत्ता स्थापन करणारा वामराज नावाचा पूर्वज असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ह्या वादात अंतिम निर्णय कोणताही होवो. वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकाच व्यक्तीच्या पायांशी चार-पाच पिढ्या बसलेल्या दिसू लागल्या, की ते वाक्य राजाविषयी काही सांगत नसून दप्तराविषयी सांगत आहे, हे ओळखले पाहिजे. ह्याचा पुरावा पुढच्या काळात मिळतो. चंदेल राजा त्रैलोक्यवर्मा ह्याच्या काळातील, रीवा येथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक विक्रम संवत् १२९७ चा, म्हणजे १२४० च्या सुमाराचा आहे. तोपर्यंत कलचुरींची सत्ता लयास गेली होती आणि त्यांच्या मुलखाचा काही भाग चंदेलांकडे आला होता. हा राजा कलचुरी कुळाचा नव्हे. तरीही त्याच्या पदव्यांत 'वामदेवाच्या पादांचे ध्यान करणारा' आणि 'त्रिकलिंगाधिपती' ही दोन्ही बिरुदे जशीच्या तशी आहेत. मुलूख जिंकला तेव्हा त्याबरोबर दप्तर आले, दप्तराबरोबर लेखक आले, आणि लेखकांबरोबर साचा आला. लेखकाने राजाचे नाव तेवढे बदलले. तलवारीने जे संपले होते ते लेखणीने चालू ठेवले.

'निजभुजोपार्जित अश्वपति-गजपति-नरपति-राजत्रयाधिपती' ह्या बिरुदाची कथाही अशीच आहे. घोड्यांचा, हत्तींचा आणि पायदळाचा धनी असलेल्या तीन राजांवरील आधिपत्य ह्याने स्वतःच्या बाहुबलाने मिळविले, असा त्याचा अर्थ. कर्णासारख्या पराक्रमी राजाला ही भाषा शोभून दिसते. परंतु त्याचा खापरपणतू विजयसिंह ह्यालाही ती लागते. स्वतःच्या बाहूंनी मिळविलेले आधिपत्य वारसाहक्काने मिळू शकते, हा चमत्कार ताम्रपटाच्या साच्यातच घडू शकतो. कनौजच्या गाहडवालांनी हेच राजत्रयाधिपत्य उचलले. गोविंदचंद्राच्या लेखांत ते दिसते. त्याचाच ११२० चा एक ताम्रपट सांगतो, की यशःकर्णाने राजगुरू रुद्रशिव ह्याला दिलेले गाव आता त्याने दुसऱ्याच्या स्वाधीन केले आणि त्यास गोविंदचंद्राने संमती दिली. गाव तेच, दान तेच. वरचा राजा तेवढा वेगळा. अशा हस्तांतरात गावाबरोबर बिरुदही गेले, ह्यात नवल नाही.

साचा कधी कधी व्यक्तीची ओळखच झाकून टाकतो. धुरेटी येथील कलचुरी संवत् ९६३ चा, म्हणजे १२१२ चा ताम्रपट त्रैलोक्यमल्ल नावाच्या राजाचा आहे. बिरुदे कलचुरी वळणाची. मग हा विजयसिंहानंतरचा कलचुरी राजा, की चंदेल त्रैलोक्यवर्माच ह्या नावाने आलेला? ह्यावर विद्वानांत मतभेद झाला. कलचुरी बिरुदांवरून राजा कलचुरी ठरत नाही, हे रीवाच्या ताम्रपटाने दाखवूनच दिले होते. त्यामुळे निर्णयासाठी साच्याबाहेरचा पुरावा शोधणे भाग पडले.

हे विवेचन ज्यांच्या परिश्रमांमुळे शक्य झाले त्यांत महाराष्ट्राशी नाते असलेली माणसे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ पर्यंत संस्कृत शिकविणारे फ्रान्झ कीलहॉर्न ह्यांनी कलचुरी संवताचा आरंभ इसवी सन २४८-४९ च्या सुमारास बसविला, आणि जबलपूरचा यशःकर्णाचा ताम्रपट संपादिला. कटनीचे रायबहादूर हीरालाल ह्यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील लेखांची सूची तयार केली. खैऱ्हा येथील ताम्रपटाचे संपादनही त्यांचेच. रत्नागिरीकडील कुवळे गावी १८९३ मध्ये जन्मलेल्या आणि नागपुरास आयुष्य वेचलेल्या मिराशींनी कलचुरी-चेदि संवतातील लेखांचा दोन भागांचा संग्रह १९५५ साली सिद्ध केला. मिराशी १९८५ मध्ये निवर्तले. परंतु त्या ग्रंथावाचून आजही ह्या विषयात पाऊल टाकता येत नाही. त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. प्रत्येक लेखाच्या प्रस्तावनेत हा श्लोक आधी कोठे आला, हे वाक्य कोठून उतरले, येथे नवे काय, हे ते काटेकोरपणे नोंदवीत जातात. घडलेल्या लेखांवरून साचा आणि वर्णन पुन्हा वेगळे करणे, हेच ते कार्य.

साच्याचा दोष एवढा सांगितल्यावर त्याचा गुण सांगितला नाही तर अन्याय होईल. साचा ही आळसाची सोय नव्हती. ती दान घेणाऱ्याची ढाल होती. ताम्रपट हरवला अथवा त्याविषयी शंका आली, तर कुटुंबाची जमीन जाण्याची भीती असे. हर्षवर्धनाचा मधुबन येथील ६३१ चा ताम्रपट ह्याची साक्ष देतो. सोमकुंडका नावाचे गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण खोट्या शासनाच्या आधारे उपभोगीत होता; ते शासन मोडून ते गाव राजाने इतरांना दिले, असे त्यात लिहिले आहे. राजशासनाची बनावट करणाऱ्यास मनुस्मृतीने देहान्त शासन सांगितले आहे. घराण्याचा साचा ठाम असला, की त्यात न बसणारा शब्द, न जुळणारी मुद्रा, चुकीच्या क्रमाने आलेली पदवी लगेच खटके. कायम मजकूर कायम असल्यामुळेच बनावट उघडी पडे. ज्या एकसुरीपणाचा इतिहासकाराला कंटाळा येतो, त्याच एकसुरीपणावर शेतकऱ्याच्या आणि वृत्तिवंताच्या पोटाची हमी अवलंबून होती.

म्हणूनच साचे पुढे ग्रंथरूपाने संगृहीत झाले. गुजरातेतील 'लेखपद्धति' ह्या ग्रंथात दानपत्रापासून गहाणखतापर्यंतच्या लेखांचे नमुने आहेत. तो चिमणलाल दलाल आणि श्रीगोंदेकर ह्यांनी संपादून १९२५ मध्ये बडोद्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात हेमाद्रीच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके ह्याच जातीची. कोणास कोणता मायना लिहावा, पत्राचा शेवट कसा करावा, हे त्यांवरून शिकून कारकुनांच्या पिढ्या तयार झाल्या. मराठी माणूस बोलताना सहज 'अमुक' म्हणतो. ती मोकळ्या जागेचीच खूण होय.

आजच्या आज्ञावल्या घडविणाऱ्या साधनांत हे गुणदोष अधिक प्रखर झाले आहेत. ताम्रपटाच्या साच्यातील चूक दहा-वीस पत्र्यांवर उतरत असे; संगणकाच्या साच्यातील चूक क्षणात हजार ठिकाणी उतरते. तशीच, साच्यात केलेली एक दुरुस्ती हजार ठिकाणी पोहोचते, हा त्याचा लाभ. तयार झालेल्या आज्ञावलीत हाताने केलेला बदल साधन पुन्हा चालविल्यावर पुसला जातो. म्हणून जाणता कारागीर दुरुस्ती करतो ती साच्यात किंवा वर्णनात, उतरलेल्या प्रतीत नव्हे. आणि एकदा भरलेले नाव चुकून कायम मजकुरात राहून गेले, तर शेकडो घटक त्या परक्या नावाचे ओझे वाहत राहतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी त्रिपुरीच्या लेखनशाळेत वामदेवाचे नेमके हेच झाले असावे.

ताम्रपट लिहिणाऱ्याने खोटे लिहिले, असे म्हणता येणार नाही. त्याने साचा प्रामाणिकपणे भरला. खोटेपणा उद्भवतो तो वाचणाऱ्याच्या मनात, तो कायम शब्दांना बातमी समजतो तेव्हा. राजाच्या पराक्रमाचे श्लोक मोठ्याने वाचावयाचे असतात. त्याचे राज्य खरोखर कोठवर होते ते मात्र गावाच्या सीमा, श्राद्धाची तिथी, दान घेणाऱ्याच्या आजोबांचे नाव अशा लहान, भरलेल्या जागांत शोधावयाचे असते. जबलपूरच्या महाराजपुरात ती जागा पदवीने भरलेली आहे आणि महाराज अज्ञात राहिला आहे. तेवरच्या महाराजांची नावे मात्र टिकली. कारण त्यांच्या लेखकांनी साच्यातील ती एक जागा प्रत्येक वेळी नव्याने भरली.